धोट्याचा डावा पाय

दादा, काच नव्हती.

चाळीस वर्षं तू मला सांगत आलास की धोट्याच्या पायात काच गेली होती, आणि चाळीस वर्षं मी ती काच खरी मानून तुझ्याशी भांडत आले. परवा तुझ्या तेराव्याला, पंगत उठायच्या आधी, नायगावहून आलेल्या एका बाईनं मला सहज बोलता बोलता सांगितलं की तो दोरा होता. तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला ठाऊक होतं. तिच्या चाळीत कुत्री पाळणाऱ्या आणखी दोन घरांना ठाऊक होतं. नायगावभर तू ही गोष्ट सांगत फिरलास आणि लालबागला, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला तिचा वास लागू दिला नाहीस. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. माझ्याकडून आज ती अपेक्षा ठेवू नकोस.

तू म्हणशील, हे सगळं मला माहीतच आहे, परत कशाला उगाळतेस? उगाळणार. इतकी वर्षं अर्धीच गोष्ट उगाळत होते, आता पूर्ण उगाळते. आणि या वेळी तुला डोळे मिटून घेता येणार नाहीत. ती तुझी जुनी खोड. साचेखात्यात बारा वर्षं काढून तुझे कान अर्धे गेले होते. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, त्या खडखडाटात तुम्ही सगळे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकला होतात. घरी भांडण अंगाशी यायला लागलं की तू सरळ डोळे मिटून घ्यायचास. संपलं! तुझ्यापुरता समोरचा माणूस गप्प झाला. मी मात्र बोलतच राहायचे आणि आई म्हणायची, "भिंतीक सांगतंस काय गो?"

धोटा आला ते संपाचं दुसरं वर्ष होतं. गिरणीच्या गेटाबाहेर बंद पडलेल्या चहाच्या टपरीखाली एक कुत्री व्याली होती. तिच्या चार पिल्लांपैकी एकच जगलं आणि ते तू सदऱ्यात घालून घरी घेऊन आलास. त्या दिवशी तू तांदळाची काही सोय होते का बघायला गेला होतास. आईनं तुझे रिकामे हात बघितले, मग हलणारा सदरा बघितला.

"माणसांका खावक नाय, आणि ह्याका खय ठेवतलंस?"

"गॅलरीत ऱ्हवात," तू म्हणालास. "गेटावर जन्मलेलो आसा. आपलोच माणूस."

गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते पिल्लू सुसाट जायचं आणि तसंच उलटं यायचं. मागावर उभ्या धाग्यांतून डावी-उजवीकडे धावणारा जो लाकडी धोटा असतो, त्याचं नाव तू त्याला दिलंस. हातातला खरा धोटा थांबून वर्ष उलटून गेलं होतं. त्या दिवसांत तू हसलेला मला आठवतोस तो फक्त त्या पिल्लाकडे बघताना.

आता दोरा. तो मी बांधला होता, आणि हे मी कधी लपवलंही नव्हतं. घरात सगळंच उलटं चाललं होतं. तुझं काम गेलं, माझं जुळत आलेलं लग्न मोडलं, आई दम्यानं बसून असायची. त्यात एवढं एक गोजिरवाणं पिल्लू, चाळीतलं प्रत्येक जण येता-जाता त्याला उचलून घ्यायचं. म्हटलं, याला तरी कुणाची दृष्ट लागू नये. घरातल्या साध्या दोऱ्यानं बांधायला बसले होते. तेवढ्यात वरळी कोळीवाड्याहून मासळीची पाटी घेऊन येणारी मावशी जिन्यात विसावली होती, तिनं बघितलं आणि कमरेच्या पिशवीतून काळा नायलॉनचा तुकडा काढून दिला. "हा घे, जाल्याचा दोरा. कुजायचा नाय नि तुटायचा नाय." अमावस्येला मी तो धोट्याच्या पुढच्या डाव्या पायात, पंजाच्या थोडा वर, दोन गाठी मारून बांधला. तेव्हा तो पाय माझ्या अंगठ्याएवढा होता.

मग मी तो दोरा विसरले. माणसाच्या पायातला दोरा आपोआप झिजून पडतो, तसा हाही कधीतरी पडला असेल असंच मी धरून चालले. धोटा वाढला, त्याचे केस वाढले, पायावरचे केस तर मांजरासारखे दाट झाले. दोरा दिसेना, म्हणजे दोरा नाही. दादा, कुत्रा वाढतो आणि जाळ्याचा दोरा वाढत नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. त्या चाळीतल्या एकाच्याही आली नाही. आम्ही सगळी सुताच्या जिवावर जगलेली माणसं होतो.

पुढचं तुझ्या-माझ्या भांडणाचं, ते तर तुला तोंडपाठ आहे. धोटा लंगडायला लागला. पहिल्या दिवशी एवढंसंच, पळताना ठीक आणि चालताना थोडं कमी-जास्त. तू गॅलरीच्या फळीवर तळहात टेकवून बसलास आणि मला म्हणालास, चालव त्याला. गिरणीत तू तसंच करायचास. कानांवर भरवसा उरला नव्हता म्हणून साच्याच्या लाकडावर हात ठेवून तुला कळायचं की ठोका कुठं चुकतोय. ज्या बाजूचा ठोका जास्त जोरात, त्या बाजूला बिघाड. तू जॉबर, म्हणजे साच्यांच्या एका ओळीचा मुकादम, आणि तुझ्या ओळीतले साचे दुसऱ्या जॉबरच्या साच्यांहून कमी बंद पडायचे, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. धोटा फळ्यांवरून चालत गेला, परत आला. तू मिटलेले डोळे उघडलेस.

"उजवो पाय. आयकलंस? जोरात पडता तो."

"दादा, जोरात पडतो तोच चांगला असणार ना? दुखऱ्या पायावर कोण जोर देतं? तो डावा अलगद टेकतोय. मान बघ त्याची, डावा टेकला की मान वर उडते."

"माका शिकवतंस?"

"माझ्या टाचेला कुरूप होतं तेव्हा मी कशी चालायचे?"

"तू काय कुत्रो आसंस?" आणि डोळे मिटलेस.

तिथून आठ दिवस. आठ दिवस तू त्या जनावराच्या धडधाकट उजव्या पायाला तेल चोळलंस, विटेचा शेक दिलास, आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलीस. डाव्याला हात लावायला गेलं की तो गुरगुरायचा, तर म्हणे घाबरलाय. डाव्या पंजाचा तळवा मी एकदा बळेच बघितला, बोटांच्या मधलं बघितलं, काटा नाही, खडा नाही, नख तुटलेलं नाही. तळव्याच्या वर बघायचं मला सुचलं नाही. सहाव्या दिवशी त्यानं डावा पाय टेकायचाच बंद केला आणि तीन पायांवर उड्या मारत फिरायला लागला, तेव्हा तरी तू मान्य करशील असं वाटलं. तू काय म्हणालास आठवतंय? उजव्याचं दुखणं डाव्यात उतरलं. दादा, साच्याचंही दुखणं असं शेजारच्या साच्यात उतरतं का रे?

आणि तेव्हा मी काय करत होते? हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवसापासून माझी खात्री होती. परळचं जनावरांचं हॉस्पिटल चालत जाण्यासारखं होतं, धोटा काही हत्ती नव्हता, मी त्याला उचलून नेऊ शकले असते. नेलं नाही. तू सकाळी उठायचास, दाढी करायचास, ड्यूटीला निघाल्यासारखे केस विंचरायचास आणि मग जायला कुठं नाही म्हणून धोट्याच्या पायाशी येऊन बसायचास. अख्ख्या लालबागमध्ये जॉबर म्हणून तुला उरलेलं काम तेवढंच होतं. ते काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. मी तुझी कीव केली, दादा. भांडताना मी तुला हट्टी म्हटलं, आडमुठा म्हटलं, पण ही कीव गिळून टाकली, कारण ती तुला भांडणापेक्षा जास्त लागली असती.

आठव्या दिवशी पंजा भाकरीच्या गोळ्यासारखा सुजला आणि वास यायला लागला. मग आईच म्हणाली, "घेऊन जा त्याका. ह्यो वास चांगलो नाय." तू त्याला गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतलंस. मी मागून चालत होते. वाटेत गिरणीचं गेट लागलं. बाहेर पोलिसांची गाडी उभी होती, आणि संप मोडून कामावर परत गेलेल्यांपैकी चौघे जण गेटाशी तंबाखू मळत होते. त्यातला एक तुझ्याच ओळीतला. "काय जॉबर, आता कुत्र्यांचे साचे दुरुस्त करतोस काय?" तो म्हणाला. तुला ऐकू आलं नाही असं तू दाखवलंस. त्याच्या ओठांकडे तू बघितलंस, हे मी बघितलं होतं. त्या माणसाचा मला आजही राग येतो. तो मेलाही असेल, पण राग काही मेलेला नाही.

हॉस्पिटलात तू मला बाहेर बाकावर बसवलंस. आत जनावराला धरायला एकच माणूस लागतो म्हणालास. मी बसून राहिले. शेजारी एका बैलगाडीवाल्याचा बैल बांधलेला होता, त्याच्याकडे बघत बसले. खूप वेळानं तू बाहेर आलास. हात धुतलेले होते पण मनगटापर्यंत ओले तसेच, पुसलेले नव्हते. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "काच होती गो. खोल गेलेली. पाय ऱ्हवाचो नाय."

मी रडले, आणि रडून झाल्यावर तुझ्यावर तुटून पडले. भर रस्त्यात. आठ दिवस! मी सांगत होते! आणि मग ते वाक्य बोलले, जे मी पुढं प्रत्येक भांडणात वापरलं, "तुला साचे कळतात, जीव कळत नाही." ज्याच्या हातातून साचे गेले होते त्याला हे म्हणाले. आणि तू त्या वेळी डोळे मिटले नाहीस. सगळं ऐकून घेतलंस. मला वाटलं, चला, एकदा तरी चूक पटली.

आता मला कळतंय की त्या दिवशी आतल्या टेबलावर डॉक्टरांनी केस कापले, मांसात रुतलेला काळा दोरा चिमट्यानं ओढून काढला आणि तुझ्यासमोर ट्रेमध्ये ठेवला. तू बारा वर्षं धाग्यांत काढलेला माणूस. तो दोरा कशाचा, तो कुणी बांधला, हे तुला विचारावं लागलं नसणार. तिथून बाहेर बाकापर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्यात तू ठरवलंस.

नायगावच्या बाईला मी कोण हे माहीत नव्हतं. ती मला सांगत होती, "जॉबरकाका आले ना, की पहिलं कुत्र्याला चालवायचे, मग बसून चारी पायांवरून बोट फिरवायचे, उलट्या दिशेनं, केस उचलून. गळ्यात बघायचे, शेपटीशी बघायचे. म्हणायचे, दोरा बघा, रबर बघा, पोरं खेळता खेळता घालतात आणि विसरतात. आमच्या घरच्या कुत्र्याचा पाय दोऱ्यानं गेला."

मी म्हटलं, "दोऱ्यानं? काचेनं गेला त्याचा पाय."

"छे हो, दोरा. घरातल्याच कुणीतरी मायेनं बांधला होता म्हणे. त्या माणसाला सोसवणार नाही म्हणून घरी काच सांगितली. असं म्हणाले आम्हाला." आणि मग तिनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

मी म्हटलं, बहीण. बिचारीच्या हातातला द्रोण तसाच राहिला.

तर असा तू. गिरणी कायमची बंद झाल्यावर कधी लिफ्ट चालवलीस, कधी कुणाच्या गोदामाची राखण केलीस, आणि उरलेल्या वेळात परळ-नायगावची लंगडी कुत्री बघत फिरलास. मला ते दिसत होतं, आणि खरं सांगते, मला त्याचं समाधान वाटायचं. म्हणायचे, फेडतोय पाप. ती बाई तुझे नियम मला एकेक करून सांगत होती, जणू मला नवीनच. जोरात वाजतो तो पाय चांगला, अलगद पडतो तो दुखरा. पुढचा पाय दुखत असेल तर मान सांगते. पाय टेकतोय, खातोय-पितोय, तर पंजा नीट बघून एक दिवस त्याला निजवून ठेवा, उड्या मारू देऊ नका, दुसऱ्या दिवशीही उतार नसेल तर डॉक्टर. अजिबात टेकत नसेल, सूज असेल, वास असेल, हाड वाकडं दिसत असेल, गाडीनं उडवलं असेल, तर थांबायचंच नाही. आपल्या डोकेदुखीची गोळी त्याला घालायची नाही, त्या गोळीनं कुत्रं मरतं. जुना, म्हातारा कुत्रा रोज सकाळी उठताना अडखळतो तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, सांधे धरलेले असतात, त्यालाही औषध असतं. आणि दुखऱ्या पायाला हात लावायचा तर आधी तोंडाला फडकं बांधा, आपलाच असला तरी चावतो.

त्यातलं पहिलं वाक्य माझं आहे, दादा. गॅलरीत उभी राहून मी ते बोलले होते आणि तू मला विचारलं होतंस, तू काय कुत्रो आसंस? ते वाक्य तू नायगावला नेलंस आणि गावभर वाटलंस. मला कधी म्हणाला नाहीस की तुझं बरोबर होतं.

मला राग कसला आहे सांगू? तू खोटं बोललास याचा आहेच. पण त्याहून जास्त याचा आहे की मला सोसवणार नाही हे तू परस्पर ठरवलंस. मी एकोणीस वर्षांची होते. मोडलेलं लग्न सोसलं होतं, संप सोसला होता, आईचं दमेकरी खोकणं रोज सोसत होते. एक दोरा मला सोसवला नसता? तुझे आठ दिवस आणि माझा दोरा, अर्धं-अर्धं होतं ते. तू सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेतलंस आणि मला नुसतं बरोबर ठरवून मोकळी सोडलीस. मालकांनी तुला न विचारता तुझं ठरवलं म्हणून तू जन्मभर चिडत होतास. मग माझं तू मला न विचारता कसं ठरवलंस?

आणि त्यातून काय झालं ते बघ. मला कळलंच नाही, म्हणून मी दोरे बांधतच राहिले. पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, तिच्या पायात काळा दोरा मीच बांधला. खालच्या मजल्यावरच्या मांजरीच्या पिल्लाला बांधला. कुणी माझा हात धरला नाही. हे लिहिताना तुझ्यावर आणखी चिडायला म्हणून आठवायला बसले, तर भलतंच आठवलं. दर रविवारी तू बांगड्याचं तिखलं खायला यायचास आणि आल्या आल्या पोरीला मांडीवर घ्यायचास. तिचा पाय धरून दोऱ्याखालून करंगळी फिरवायचास, आणि ती खिदळायची. मला वाटायचं मामा गुदगुल्या करतोय. तिच्या पायातला दोरा दर थोड्या महिन्यांनी गळून पडायचा. मी नवा बांधायचे, तोही पडायचा. मांजरीच्या पिल्लाचाही दोन दिवसांत पडला होता. मी तेव्हा म्हणायचे, हल्ली दोरेच बरे मिळत नाहीत.

तू कापत होतास ना? किती वर्षं? पोरगी शाळेत जाईपर्यंत मी दोरे बांधले आणि तेवढी वर्षं तू माझ्यामागून ते कापत आलास. आणि त्याच रविवारी, त्याच पाटावर बसून, मी तुला वाढता वाढता ऐकवत होते की तुला जीव कळत नाही. पोरीनं तर त्याचा खेळच केला होता. "मामा, डावा का उजवा?" ती विचारायची. "उजवो," तू म्हणायचास आणि भाताचा घास घ्यायचास. आम्ही दोघी हसायचो. तू एकदाही पानावरून उठला नाहीस.

धोटा तीन पायांवर नऊ वर्षं जगला. गॅलरीतली त्याची ये-जा काही थांबली नाही, फक्त वळताना तो कठड्याला अंग टेकायचा. माझ्यावर त्याचा जास्त जीव होता हे तूही मान्य करायचास. मी दारात दिसले की तो उठून यायचा. ते बघताना तुझ्या मनात काय यायचं, हे विचारायला आता कुणी नाही.

शेवटचं तुला सांगायचं ते हे. तुला दम लागायला लागला होता. गिरणीतला कापूस छातीत बसलेला, तो म्हातारपणी वर आला. दोन जिने चढून तू बसून राहायचास आणि मी डॉक्टरकडे चल म्हटलं की तू म्हणायचास, उतरेल. कुत्र्याचा पाय दुसऱ्या दिवशी उतरला नाही तर डॉक्टर, आणि तुझी छाती? दोन महिने तू "उतरेल" करत काढलेस. शेवटी पोरीनं आणि जावयानं खुर्चीत बसवून तुला खाली नेलं. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्याजवळ एकटीच होते. नाकातली ऑक्सिजनची नळी तू बाजूला केली होतीस, जरा बरा दिसत होतास. म्हणून मला भांडायचा जोर आला.

मी म्हटलं, "तेव्हाही असंच केलंस. आठ दिवस हट्ट धरून बसलास आणि त्या मुक्या जिवाचा पाय घालवलास. आताही तेच. तुला कधी कुणाचं ऐकायचंच नसतं."

तू माझ्या तोंडाकडे बघत होतास, सगळं वाचत होतास. मग म्हणालास, "होय गो. माझाच चुकला. तुझा काय एक चुकूक नाय."

दादा, मला इतका आनंद झाला! तुझी चादर सारखी केली, उशी वर घेतली, मोसंबं सोलून दिलं. घरी जाताना जिन्यातूनच पोरीला फोन करून सांगितलं की मामानं आज कबूल केलं. त्यानंतर दोन दिवसांनी तू गेलास. आपलं शेवटचं धड बोलणं तेच, आणि त्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं. मोसंब्याची फोड तुझ्या हातात ठेवत मी तुला म्हणाले होते, "एवढं म्हणायला चाळीस वर्षं लागली होय रे तुला?"